हरलेल्यांच्या यादीतून जिंकणारा कसा ओळखायचा? (जर्नीमन, म्हणजे घरच्या बॉक्सरसमोर पाहुणा म्हणून बोलावला जाणारा बॉक्सर)

कोपऱ्यातला

बॉक्सरेक या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर कुणाच्या नावापुढे २४ विजय, १३ पराभव, १ बरोबरी असं दिसलं की आपण त्याला मोडीत काढून पुढे जातो. डिसेंबर १९९८ मध्ये कीव्हला व्लादिमिर क्लिच्कोसाठी प्रतिस्पर्धी शोधणाऱ्यांनीही बहुधा तेवढंच पाहिलं असणार. क्लिच्को तेव्हा २४ पैकी २४ लढती जिंकलेला, अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, वर घरचे प्रेक्षक. समोर वरच्या नोंदीचा मालक, अमेरिकेचा रॉस प्युरिटी. सुरुवातीच्या फेऱ्यांत क्लिच्कोने त्याला मनसोक्त झोडपलं. प्युरिटी खात राहिला आणि उभा राहिला. हळूहळू क्लिच्कोचाच दम संपला, हात खाली आले, आणि अकराव्या फेरीत त्याच्याच प्रशिक्षकाने रिंगमध्ये शिरून लढत थांबवली.

आता ते १३ पराभव नीट बघा. त्यात हसीम रहमान आहे, कॉरी सँडर्स आहे. दोघांकडूनही प्युरिटी गुणांवर हरला होता. पुढे रहमानने हेवीवेट जगज्जेत्या लेनॉक्स लुइसला झोपवलं आणि सँडर्सने याच क्लिच्कोला. म्हणजे प्युरिटी हरला होता खरा, पण कुणाशी आणि कसा? शिवाय १९९४ मध्ये टॉमी मॉरिसनशी बरोबरी साधून त्याने एकदा इशारा दिलेलाच होता.

धागा काढण्याचं कारण हेच. धक्कादायक निकालांबद्दल बोलताना आपण फार ढोबळ बोलतो, "त्या दिवशी त्याचं नशीब जोरावर होतं" वगैरे. माझं म्हणणं असं की यातले बरेच धक्के आधी वाचता येण्यासारखे होते. पराभव किती हे मोजण्यापेक्षा ते कुठे, कुणाच्या गावात, शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहून की पाठीवर पडून, आणि तयारीला किती दिवस मिळाले होते, हे पाहायला हवं.

माझा सगळ्यात लाडका नमुना ग्लेन जॉन्सन. जमैकाचा, राहणार मायामीचा. ३२-० असताना १९९७ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने त्याला अकराव्या फेरीत थांबवलं. तिथून तो "बोलवा आणि हरवा" यादीत गेला. जर्मनीत स्वेन ऑटकेशी गुणांवर हार, इटलीत हार, जिथे बोलावलं तिथे बॅग उचलून गेला. पण २००१ मध्ये जर्मनीतच थॉमस उलरिचला सहाव्या फेरीत आडवं केलं. शेफिल्डला क्लिंटन वुड्सशी आधी बरोबरी, मग फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला हरवून आयबीएफ या जागतिक संघटनेचा पट्टा, म्हणजे विजेतेपद. सप्टेंबर २००४ मध्ये मेम्फिसला रॉय जोन्स ज्युनिअर नवव्या फेरीत बाद. जॉन्सन तेव्हा गुणांवरही पुढे होता, म्हणजे तो एका ठोशाचा चमत्कार नव्हता. डिसेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरलाही हरवलं. त्या वर्षीचा 'द रिंग' मासिकाचा सर्वोत्तम बॉक्सर कोण, तर नऊ पराभव नावावर असलेला हा गडी.

हॉपकिन्सनंतर त्याला बराच काळ कुणी थांबवू शकलं नव्हतं. जे पराभव होते ते कागदावरचे होते. कागद वाचणाऱ्यांनी त्याला स्वस्तात बोलावलं आणि महागात पडले.

तुमच्या यादीत कोण आहे? टायसन-डग्लस सगळ्यांना माहीत आहे, त्यापलीकडचे सांगा.

---

नववी_फेरी

डग्लसला वगळून धागा काढलाच कसा? ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो, भाव ४२ला १! आई जाऊन महिनाही झाला नव्हता. आठव्या फेरीत खाली पडून उठला आणि दहाव्यात टायसनला गुडघ्यावर आणून तोंडरक्षक शोधायला लावला. यापेक्षा मोठा धक्का असेल तर दाखवा.

---

कोपऱ्यातला

@नववी_फेरी, धक्का मोठाच. पण डग्लस जर्नीमन कधीच नव्हता. १९८७ मध्येच तो टोनी टकरशी आयबीएफच्या पट्ट्यासाठी लढला होता आणि दहाव्या फेरीपर्यंत चांगला चालला होता. उंची, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), हातांचा वेग, सगळं होतं; मन लागत नव्हतं. तो "आळशी गुणवान" वर्गातला. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

---

मीनल_वाचतेय

मी हल्लीच बॉक्सिंग बघायला लागले आहे, म्हणून बाळबोध प्रश्न. हरण्यासाठीच बोलावलेल्या माणसाला ते माहीत असतं का? आणि माहीत असेल तर तो जातोच का?

---

जुना_हातमोजा

मीनलताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, खरं तर सगळं यातच आहे. मी हौशी पातळीवर काही वर्षं लढलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हो, माहीत असतं. विशेषतः ब्रिटनमध्ये तर ही रीतसर नोकरी आहे. छोट्या कार्यक्रमात एक घरचा कोपरा आणि एक पाहुण्यांचा. घरच्या कोपऱ्यातला नवा पोरगा आपल्या मित्रांना, शेजाऱ्यांना, कामावरच्या लोकांना तिकिटं विकतो. त्या पैशातून पाहुण्याचं मानधन निघतं. आता तो पोरगा हरला तर पुढच्या वेळी तिकिटं कोण घेणार? त्यामुळे आयोजकाला असा पाहुणा हवा असतो जो पोराला चार फेऱ्या शिकवेल, अडवेल, मिठी मारेल, कधी चिडवेल, पण हरवणार नाही. तिथे साध्या, बिनपट्ट्याच्या लढतीत गुण देणारा एकटा रेफरीच असतो. जवळची फेरी कुणाकडे जाणार हे पाहुण्याला ठाऊक असतं.

पीटर बकली हे यातलं सर्वात मोठं नाव. ३०० लढती: ३२ विजय, २५६ पराभव, १२ बरोबरी. नसीम हमीदशी दोनदा लढला. २००८ मध्ये बर्मिंगहॅमला तीनशेवी लढत जिंकून थांबला. क्रिस्टियन लाइटच्याही बरोबर ३०० लढती, विजय फक्त १२, पण लढत अर्ध्यात थांबवली गेली ती सगळ्या कारकिर्दीत जेमतेम ५ वेळा. हा आकडा पुन्हा वाचा. २७९ वेळा हरलेला माणूस, आणि त्याला थांबवणं कुणाला जमत नव्हतं. जॉनी ग्रीव्ह्जने १०० लढतींत ४ जिंकल्या, त्यातली एक अगदी शेवटची, २०१३ मध्ये यॉर्क हॉलला.

हे लोक का हरत होते? कारण नॉकआउट झालात किंवा भुवई फाटली तर वैद्यकीय विश्रांती सक्तीची. म्हणजे पुढच्या शनिवारचं काम गेलं. आणि घरच्या पोराला आडवं केलंत तर? मग फोन वाजणंच बंद होतं. त्यामुळे गार्ड उंच, हनुवटी खाली, खांद्यावर ठोसे झेलायचे, फेरीच्या शेवटी प्रेक्षकांना एक डोळा मारायचा आणि पाकीट घेऊन घरी. यात कमीपणा काही नाही. बचावाचं इतकं शिक्षण मोठमोठ्या विजेत्यांकडे नसतं.

पण @कोपऱ्यातला, म्हणूनच मला तुमच्या यादीत एक फट दिसते. बकली, लाइट हे खरे जर्नीमन. ते धक्के देत नाहीत, कारण धक्का देणं त्यांच्या धंद्याच्या मुळावर येतं. प्युरिटी आणि जॉन्सन वेगळे. ते जिंकायला जायचे, त्यांना जिंकू दिलं जात नव्हतं.

---

कोपऱ्यातला

ही फट मान्य, आणि हवीच होती. मग विषय दुसऱ्या जातीचा: जिंकायच्या इराद्याने जाणारा, पण ज्याच्याकडे स्वतःचा प्रवर्तक नाही, तिकीट विकायला गाव नाही, असा.

---

शंकासुर

नेहमीप्रमाणे पाणी ओतायला आलोय. तुम्ही जिंकलेल्यांची नावं घेऊन मागे जाताय आणि "बघा, खुणा होत्या" म्हणताय. प्युरिटीसारखीच नोंद, तशीच कणखर हनुवटी असलेले शेकडो लोक त्याच वर्षी हरले. त्यांच्यावर धागा निघत नाही. हसीम रहमानचंच घ्या. १९९९ मध्ये ओलेग मास्काएव्हने त्याला दोरांबाहेर फेकलं होतं. तुमच्या नियमाने हा माणूस बाद. तरी एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने पाचव्या फेरीत लुइसला एका उजव्या हाताने संपवलं. तिथे खुणा रहमानमध्ये नव्हत्या, लुइसमध्ये होत्या: उंचावरची हवा, उशिरा आगमन, अपुरी तयारी, सिनेमाचं चित्रीकरण. नोव्हेंबरमध्ये लुइस नीट तयार होऊन आला आणि चौथ्या फेरीत हिशोब मिटला.

म्हणून म्हणतो, धक्का देणाऱ्याला कमी आणि धक्का खाणाऱ्याला जास्त वाचा.

---

डावा_हुक

शंकासुराशी निम्मा सहमत. लुइस दोनदा हरला, १९९४ ला ऑलिव्हर मॅकॉलकडून आणि २००१ ला रहमानकडून. दोन्ही वेळा समोरच्याच्या एका उजव्या हाताने घात केला. पण मॅकॉलच्या कोपऱ्यात प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड होता हे विसरू नका. मॅकॉल टायसनचा सरावातला जोडीदार, म्हणजे लोकांच्या लेखी हमालच. स्टुअर्डने नेमकं काय शोधलं? लुइस उजवा हात टाकताना उघडा पडतो. मॅकॉलने दुसऱ्या फेरीत त्याच क्षणी स्वतःचा उजवा टाकला. लुइसने नंतर काय केलं? स्टुअर्डलाच आपल्याकडे नेमलं. यापेक्षा मोठी पावती कोणती!

म्हणजे तिसरी खूण: कोपऱ्यात कोण बसलंय.

---

मीनल_वाचतेय

@जुना_हातमोजा, धन्यवाद, आता मी प्रत्येक कार्यक्रमाच्या पहिल्या लढतीत पाहुण्या कोपऱ्याकडेच बघणार. पण ऐनवेळी बदली म्हणून आलेले? त्यांचं काय? अँडी रुइझ तसाच आला होता ना?

---

नववी_फेरी

रुइझ! १ जून २०१९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत सापडला म्हणून विजेत्या अँथनी जोशुआसमोर रुइझला बोलावलं. तिसऱ्या फेरीत स्वतः खाली पडला, उठून त्याच फेरीत जोशुआला दोनदा पाडलं, सातव्यात आणखी दोनदा, खेळ खलास. वजन २६८ पौंड. पोट बघून हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

---

कोपऱ्यातला

रुइझच्या बाबतीत दोन गोष्टी लोक विसरतात. एक, त्याची तोवरची एकमेव हार जोसेफ पार्करकडून, पार्करच्याच देशात, तीही एका पंचाने बरोबरी दिलेली. दुसरी, तो एप्रिलमध्येच लढून मोकळा झाला होता, म्हणजे अंग तापलेलं होतं. बदली खेळाडूला सूचना किती दिवसांची मिळाली यापेक्षा तो त्या आठवड्यात जिममध्ये होता की सोफ्यावर, हे विचारा.

उलट बाजू फेब्रुवारी २०२५ मध्ये रियाधला दिसली. पार्करचा प्रतिस्पर्धी डॅनियल दुबॉइस आजारी पडला आणि मार्टिन बाकोलेला दोन दिवस आधी उभं केलं. बाकोले साधासुधा नाही, आदल्याच वर्षी त्याने जॅरेड अँडरसनला मोडलं होतं. पण वजन ३१५ पौंड, तयारी शून्य. पार्करने दुसऱ्या फेरीत संपवलं.

आणि जवळजवळ झालेल्या धक्क्यांत बर्ट कूपर. नोव्हेंबर १९९१, अटलांटा. तेव्हाचा हेवीवेट विजेता इव्हँडर होलिफील्डची लढत आधी टायसनशी ठरलेली, मग दामियानी आला, तोही जायबंदी झाला, आणि आठवडाभरही हातात नसताना कूपर आला. तिसऱ्या फेरीत त्याने होलिफील्डला दोरांवर असं फेकलं की रेफरीला मोजावं लागलं. होलिफील्डच्या व्यावसायिक कारकिर्दीतलं ते पहिलं मोजणं. सातव्यात कूपर थांबवला गेला. त्याला सहा आठवडे मिळाले असते तर, हा खेळ मी एकटा बसून अनेकदा खेळलोय.

---

शंकासुर

कूपरला सहा आठवडे मिळाले असते तर त्यातले चार त्याने कुठे घालवले असते हे आपल्याला माहीत आहे. व्यसनं काही लपून नव्हती.

---

डावा_हुक

😄 कटू आहे, पण आहे.

माझ्याकडून दोन अलीकडची नावं. गेब्रियल रोसाडो, जून २०२१. तोवर १३ पराभव. गोलोव्हकिन, क्विलिन, चार्लो, लेम्यू, सगळ्यांकडे जाऊन आलेला. आदल्याच वर्षी डॅनियल जेकब्जशी अगदी थोडक्यात, विभागून आलेल्या निर्णयावर हरलेला. समोर रिओ ऑलिम्पिकचा रौप्यविजेता बेकतेमिर मेलिकुझिएव्ह. पहिल्या फेरीत रोसाडो खाली. तिसऱ्या फेरीत पोरगा झेप घेऊन आत आला आणि रोसाडोने मागे सरकत उजवा हात असा ठेवला की पोरगा त्यावर येऊन आदळला. वर्षातला सर्वोत्तम नॉकआउट.

हे नशीब नव्हतं. दोरांशी मागे जात असताना ठोसा कसा लावायचा हे मार खाऊनच शिकता येतं. सात-आठ लढती सहज जिंकत आलेल्या पोराला आत येताना कुणी शिक्षा केलेलीच नसते.

दुसरा किको मार्टिनेझ. नोव्हेंबर २०२१, शेफिल्ड. ३५ वर्षांचा, दहा पराभव, एके काळचा विजेता, आता पाहुणा. किड गलाहाद घरच्या गावात पहिल्यांदाच पट्टा राखायला उतरला होता आणि पाच फेऱ्या मजेत जिंकत होता. पाचवीच्या शेवटी एक उजवा, गलाहाद खाली. सहावी सुरू होताच दुसरा उजवा, खलास. फार सुबक बॉक्सर समोरच्याच्या बोजडपणाला कंटाळतो, आणि त्या एका जांभईत बोजड माणूस आत शिरतो.

---

जुना_हातमोजा

"मार खाऊनच शिकता येतं" याला +१.

ऑर्लँडो सालिदोचं नाव कसं कुणी घेतलं नाही? पंधराव्या वर्षी व्यावसायिक झाला आणि पहिलीच लढत हरला. हौशी प्रशिक्षण नाही, जे शिकला ते भर रिंगमध्ये. २०११ मध्ये पोर्तो रिकोत जाऊन अपराजित हुआन मॅन्युएल लोपेझला आठव्या फेरीत थांबवलं, पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा हरवलं. आणि मार्च २०१४ मध्ये सॅन अँटोनियोला वासिल लोमाचेंकोला, दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांच्या मालकाला, गुणांवर मागे टाकलं. तेव्हा सालिदोचे १२ पराभव होते.

तंत्र बघा: डोकं छातीला लावायचं, ठोसे पोटात आणि कमरेवर, एक क्षणही मोकळी जागा द्यायची नाही. लोमाचेंकोचे पाय शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत खुलले, पण तोवर उशीर झाला होता.

---

शंकासुर

कमरेवर? कमरेखाली म्हणा. रेफरीने किती ठोसे सोडून दिले ते मोजा. वर सालिदोने वजनाची मर्यादा दोन पौंडांहून जास्त ओलांडली होती, म्हणून पट्टा त्याच्यासाठी उपलब्धच नव्हता, फक्त लोमाचेंकोसाठी होता. आणि २००६ मध्ये रॉबर्ट गेरेरोवरचा त्याचा विजय उत्तेजक चाचणीमुळे रद्द झाला होता. अशा माणसाला गरीब बिचारा जर्नीमन म्हणून डोक्यावर घेऊ नका.

---

जुना_हातमोजा

गरीब बिचारा मी म्हटलंच नाही. या लोकांना जगवणारी एक गोष्ट धूर्तपणाही असते. रेफरी किती खपवून घेतो हे पहिल्या फेरीत ओळखणं ही पण कलाच आहे. नियमात बसत नाही हे मान्य. वजनाचं मात्र मलाही खटकतं, तिथे बचाव नाही.

---

नववी_फेरी

कार्लोस बाल्दोमिर कुणाला आठवतो? जानेवारी २००६, झॅब जुडा वेल्टरवेटचा निर्विवाद विजेता. बाल्दोमिरचे नऊ पराभव, सहा बरोबऱ्या. जुडाला तो फक्त सरावाचा माणूस वाटला. जुडा गुणांवर हरला! आणि गंमत म्हणजे पट्टे देणाऱ्या संघटनांपैकी बाल्दोमिरने फक्त डब्ल्यूबीसीचं शुल्क भरलं होतं, म्हणून बाकीचे पट्टे त्याला मिळालेच नाहीत. जुडा हरूनही आयबीएफचा पट्टा घेऊन पुढे मेवेदरशी लढला.

(रिंगबाहेर हा माणूस पुढे अतिशय घृणास्पद गुन्ह्यात दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. त्यामुळे कौतुक त्या एका रात्रीपुरतंच.)

---

कोपऱ्यातला

बाल्दोमिर माझ्या मुद्द्याचा सर्वात स्वच्छ पुरावा आहे. ते नऊही पराभव १९९८ पर्यंतचे. त्यानंतर सात वर्षं तो हरलाच नव्हता! हे बॉक्सरेकवर कुणालाही दिसत होतं. @शंकासुर, इथे मागे वळून शहाणपण नाही. लढतीच्या आदल्या दिवशीही हे वाचता आलं असतं. एकूण बेरीज बघण्याची सवय नडली.

---

मीनल_वाचतेय

मग निकालच चोरले गेले असतील तर? कुणीतरी मला इमॅन्युएल ऑगस्टसच्या लढती बघायला सांगितलं होतं. काल दोन पाहिल्या. हा माणूस ३४ वेळा कसा हरला?

---

डावा_हुक

३८ विजय, ३४ पराभव, ६ बरोबऱ्या. रिंगमध्ये झिंगल्यासारखा डोलत, नाचत, मधूनच दोरीच्या बाहुलीसारखे हात टाकत लढायचा. ऐनवेळी बोलावलं तरी तयार, कुठल्याही वजनात तयार. २००० मध्ये मेवेदरने त्याला नवव्या फेरीत थांबवलं, पण नंतर मेवेदरनेच त्याला आपल्या सर्वात कठीण प्रतिस्पर्ध्यांत गणलं. २००१ मध्ये मिकी वॉर्डशी झालेली लढत 'द रिंग'ने वर्षातली सर्वोत्तम ठरवली. तीही तो हरला. २००४ मध्ये कोर्टनी बर्टनशी झालेली लढत मात्र बघताना शेजारी फोडण्यासारखं काही ठेवू नका.

माझ्या मते धक्का द्यायला सगळ्यात लायक माणूस तोच होता, आणि त्याला एकही मोठा धक्का देता आला नाही. कारण तो गुणांवर जिंकणारा होता, आणि पाहुण्याला गुणांवर जिंकायचं तर प्रत्येक फेरी उघड उघड जिंकावी लागते. तो मध्येच नाचायचा. पंचांना तेवढं निमित्त पुरे.

---

जुना_हातमोजा

यावरून: बॉडीवर मारणारा पाहुणा हा डोक्यावर मारणाऱ्यापेक्षा धोकादायक. डोक्यावरचे ठोसे गुणांत हरवले जातात, पोटातले दहाव्या फेरीत व्याजासह निघतात. आगित काबायेल बघा. जर्नीमन नाही, अपराजित आहे, पण अलीकडे त्याला दर वेळी दुसऱ्याच्या सोयीसाठी बोलावलं. माखमुदोव्ह, फ्रँक सांचेझ, झांग झिलेई, तिघांनाही डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ च्या दरम्यान नॉकआउट केलं, आणि मुख्य काम पोटावर.

---

शंकासुर

ठीक आहे, एक नाव मीही देतो, म्हणजे माझ्यावर फक्त पाणी ओतल्याचा आरोप नको. टेविन फार्मर. सुरुवातीची नोंद ७ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. २०१२ मध्ये होसे पेद्राझाने त्याला आठव्या फेरीत थांबवलं. तिथून पुढे सलग जिंकत सुटला. डिसेंबर २०१७ मध्ये केनिची ओगावाशी रिकाम्या (तेव्हा कुणाकडेच नसलेल्या) पट्ट्यासाठी लढला, गुणांवर हरला, मग ओगावा उत्तेजक चाचणीत सापडून निकाल रद्द. ऑगस्ट २०१८ मध्ये सिडनीला जाऊन बिली डिबला त्याच्याच शहरात हरवून पट्टा आणला.

हा तुमच्या व्याख्येत बसतो का?

---

कोपऱ्यातला

जिंकला तेव्हा नाही. तोवर सगळ्यांना कळलं होतं. २०१३ मध्ये मात्र नक्की बसत होता, तेव्हा तो पोरांना अनुभव मिळावा म्हणून बोलावला जात होता. त्या वर्षी त्याच्यावर पैज लावणारा भेटला तर मला त्याच्याशी बोलायचं आहे.

---

शंकासुर

मलाही. पण तो भेटला तर आधी त्याला बाकीच्या हरलेल्या पैजा विचारा.